पान नऊवरचा भूकंप

गादीवाल्याला ऐन वेळी जाहिरातीत स्वतःचा फोटो हवासा वाटला, तिथून सगळं सुरू झालं. मासिकाची पानं लावून झाली होती, यंत्रावर कागद चढला होता, आणि छापखान्याचे मालक दारातूनच ओरडत आले, "थांबा, थांबा! पान नऊवरची गादी मोठी करा. फोटो घालायचाय!" पानं लावणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला आणि संगणकावर जाहिरातीची चौकट वर ओढली. गादी जेवढी वाढली, तेवढा तिच्या डोक्यावरचा मजकूर दबला. दबलेल्या मजकुराबद्दल संगणक ओरडून काही सांगत नाही. तो गुपचूप पोटात ठेवतो.

मासिक धर्मविषयक होतं. दर महिन्याला त्यात गुरुजींचं प्रवचन छापून येई आणि ते सहसा गुरुजींशिवाय कोणी वाचत नसे. नवव्या पानाचा शेवटचा छाप तपासणीसाठी वेलांटींच्या टेबलावर आला, तेव्हा मालक घड्याळ दाखवत त्यांच्या डोक्यावर उभे होते.

वेलांटी म्हणजे तिथले मुद्रितशोधक. छापण्याआधी चुका पकडायच्या, हे त्यांचं काम. ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत त्यांचा हात इतका कडक होता, की खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं आणि बाकी सगळ्या जगासाठी ते वेलांटी झाले होते. एकदा एका शोकसभेच्या फलकावरची वेलांटी खडूने दुरुस्त करून मगच ते आत जाऊन रडले होते. एकवीस वर्षांत त्यांच्या हाताखालून चूक गेली नव्हती. मालकांनी मासिकाच्या मागच्या पानावर चौकटीत छापूनच टाकलं होतं, 'या अंकातील शब्द न् शब्द तपासलेला असतो.'

वेलांटींनी पान वाचलं. शेवटचा परिच्छेद असा होता: 'धर्मग्रंथाच्या अखेरच्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे, की या महिन्याच्या पंधरा तारखेला दुपारी चार वाजता धरणी हादरेल आणि पापाच्या ओझ्याने हे शहर जमीनदोस्त होईल,' आणि त्याखाली गादीवर आडवा पडलेला गादीवाला, शेजारी ठळक अक्षरांत 'निश्चिंत झोपा!'

वेलांटींचं लक्ष भूकंपाकडे गेलंच नाही. त्यांना दिसला तो स्वल्पविराम. परिच्छेद संपलाय, पान संपलंय, आणि शेवटी स्वल्पविराम! त्यांनी तुच्छतेने नाकातून हवा सोडली, लाल पेनाने स्वल्पविराम खोडला आणि तिथे गोल, गरगरीत पूर्णविराम दिला. "झालं," ते म्हणाले, "आता चढवा." मूळ हस्तलिखिताशी पान ताडून बघायला हवं होतं. पण हस्तलिखित कपाटात होतं, कपाटाची किल्ली मालकांच्या खिशात होती आणि मालक घाईत होते.

अंक एक तारखेला निघाला. तीन तारखेला सकाळी वेलांटी कामावर निघाले, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना जिन्यातच अडवलं. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या.

"काका, ते चारला म्हणजे बरोब्बर चारला की चारच्या सुमाराला?"

"काय चारला?"

"भूकंप हो. तुमच्याच मासिकात आलाय. लोकांचे कपडे घ्यायचे की नाही ते ठरवायचंय मला. पुढच्या महिन्याचं काम आत्ताच घेऊन ठेवलं आणि गिऱ्हाईकच राहिलं नाही तर?"

वेलांटी छापखान्यात पोचले ते जवळजवळ धावत. मालकांकडून किल्ली घेतली, हस्तलिखित काढलं. गुरुजींच्या तिरप्या अक्षरात वाक्य पुढे चालू होतं: 'जमीनदोस्त होईल, असे जो सांगेल त्याला दारातही उभे करू नका.'

ते खुर्चीवर बसले. आपल्या भाषेत 'नको' शेवटी येतो, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. तोपर्यंत माणूस सगळं ऐकून बसलेला असतो.

"मालक, शुद्धिपत्र काढायला हवं. आजच्या आज."

मालकांनी शांतपणे चष्मा पुसला. "वेलांटी, सकाळपासून चार विक्रेते येऊन गेले. अंक संपलाय. दुसरी आवृत्ती यंत्रावर आहे. इतक्या वर्षांत या मासिकाची दुसरी आवृत्ती निघाली होती का कधी?"

"पण ती चुकीची आहे!"

"शुद्धिपत्र पुढच्या अंकात येईल की. एक तारखेला."

"भूकंप पंधराला आहे!"

"मग तर उलट बरं. तोपर्यंत चूक होती की नव्हती, तेही कळलेलं असेल." मालकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आणि हे बघा, चूक तुमची. चौकटीत तुमच्या भरवशावर छापतो मी, शब्द न् शब्द तपासलेला म्हणून. उद्या लोक विचारतील, बाकीच्या अंकांचं काय? तेव्हा गप्प बसा."

गप्प बसणं वेलांटींना आयुष्यात जमलं नव्हतं. दुपारच्या सुट्टीत हस्तलिखिताचं ते पान घडी करून त्यांनी खिशात घातलं आणि थेट प्रार्थनागृह गाठलं. एरवी तिथे तीसेक माणसं असत आणि त्यांतली निम्मी पंख्याखालची जागा धरून डुलक्या घेत. आज चपलांची रांग रस्त्यापर्यंत आली होती.

गुरुजी मागच्या खोलीत होते. त्यांनी आधी छापील पान पाहिलं, मग आपलं हस्तलिखित पाहिलं, आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "अहो, ज्या अफवेविरुद्ध मी बोललो, तीच माझ्या तोंडी घातलीत? मला वाटलं, लोक आलेत ते प्रवचन आवडलं म्हणून!"

"म्हणूनच आलोय, गुरुजी. तुम्ही बाहेर जाऊन एकदा सांगा, की वाक्य अर्धं छापलं गेलंय. माझं नाव घ्या. मी उभा राहतो शेजारी."

गुरुजी उठलेच होते. एवढ्यात त्यांचा मदतनीस डोकावला. "गुरुजी, मागचं दार उघडू का? लोक मावत नाहीयेत. आणि नगराध्यक्ष आलेत, सहकुटुंब. खाली बसलेत, जमिनीवर."

"जमिनीवर?" गुरुजींनी विचारलं.

"खुर्ची नको म्हणाले."

गुरुजी खिडकीशी गेले. बराच वेळ पडदा बाजूला धरून बाहेर बघत राहिले. परत वळले तेव्हा चेहऱ्यावरचा लाल रंग उतरला होता आणि त्या जागी काहीतरी मऊ, ओलसर आलं होतं.

"हा पूर्णविराम तुम्ही दिलात?"

"हो."

"का द्यावासा वाटला?"

"वाक्य अपुरं दिसत होतं."

"अपुरं होतंच ते," गुरुजी हळूच म्हणाले. "मी भित्रेपणाने त्याला शेपूट जोडलं होतं. ते गळून पडलं, आणि वाक्य तुमच्या हातून पुरं करून घेतलं गेलं."

"कोणी करून घेतलं?"

गुरुजींनी बोट वर केलं. वेलांटींनी वर पाहिलं. पंखा होता.

"माणूस लिहितो एक आणि उमटतं दुसरंच. यालाच संकेत म्हणतात," असं म्हणत गुरुजींनी हस्तलिखिताच्या पानाची घडी घातली आणि बोलता बोलता आपल्या अंगरख्याच्या खिशात सरकवली. वेलांटी बाहेर पडून चपला शोधायला लागले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की पुरावा आत राहिलाय. ते परत फिरले. पण मदतनीसाने दारात हात आडवा धरला, "रांगेतून या, काका. सगळ्यांनाच घाई आहे."

त्या संध्याकाळी वेलांटींनी स्वतःच शुद्धिपत्र लिहायला घेतलं. मोठा कागद, काळी शाई, इमारतीच्या दाराशी सूचनाफलकावर चार टाचण्या. 'मासिकात आलेले भाकीत ही छपाईची चूक आहे. भुकंप होणार नाही. कोणीही घाबरू नये.' खाली सही. सकाळी ते जिना उतरले, तर फलकापुढे घोळका होता आणि मधोमध इमारतीचे सेक्रेटरी उभे होते. सेक्रेटरी तळमजल्यावर राहत आणि एरवी पाण्याच्या टाकीबद्दलच्या सूचना लावत, त्यामुळे फलक ते घरचाच समजत.

"हे वेलांटींनी लिहिलेलं नाही," सेक्रेटरी लोकांना सांगत होते. "बघा, बघा ना! 'भुकंप होणार नाही.' 'भु' पहिला! वेलांटी मेले तरी भूकंपाला पहिला उकार देणार नाहीत. कोणीतरी त्यांच्या नावावर खोडसाळपणा केलाय."

वेलांटींनी मान पुढे काढून पाहिलं. खरंच पहिला उकार होता. एकवीस वर्षांतली दुसरी चूक.

"मीच लिहिलंय ते," ते म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. दुसऱ्या मजल्यावरचे गणिताचे निवृत्त मास्तर पुढे झाले आणि त्यांनी वेलांटींच्या खांद्यावर हात ठेवला. "धमकी आलीय का कुणाची? वरून दबाव आहे? सांगा. आम्ही आहोत."

"अहो, खरंच माझी चूक आहे! वाक्य पुढे होतं. 'असे जो सांगेल त्याला दारातही उभे करू नका' असं होतं."

"मग दाखवा ते."

"ते गुरुजींच्या खिशात आहे."

मास्तरांनी सेक्रेटरींकडे पाहिलं, सेक्रेटरींनी मास्तरांकडे पाहिलं, आणि दोघांनीही दुःखी माणसाकडे बघावं तसं वेलांटींकडे पाहिलं. दुपारपर्यंत इमारतीत सगळ्यांना कळलं होतं, की भूकंपाची बातमी दाबायला सांगितलीय आणि बिचाऱ्या वेलांटींचं डोकं त्या ओझ्याने फिरलंय.

घरी बायकोने पिशव्या भरायला घेतल्या होत्या. "अगं, मी सांगतो ना तुला, माझी चूक आहे," वेलांटी म्हणाले.

"अहो, एकवीस वर्षं तुम्ही मला ऐकवता, माझ्या हातून चूक जात नाही म्हणून. मी भाजीत मीठ विसरले तरी ऐकवता. आणि नेमकी या महिन्यात चूक झाली?"

"हो!"

"मग मी कशावर विश्वास ठेवायचा? एकवीस वर्षांवर की आजच्यावर?"

आतल्या खोलीत आई खिडकीशी बसली होती. तिचे दोन्ही गुडघे गेले होते. चौथा मजला, आणि लिफ्ट तीन वर्षं बंद. लिफ्टचा विषय दर सभेत निघे आणि सेक्रेटरी तो पुढच्या सभेवर ढकलत. या तीन वर्षांत आईला रस्ता फक्त वरून दिसत होता. खालून जाणाऱ्या माणसांना ती टकलावरून ओळखायला शिकली होती.

"काय रे," आईने हाक मारली, "भूकंपात सगळ्यांना खाली जायला लागणार, असं म्हणतायत ते खरं?"

"आई, भूकंप होणार नाहीये."

"ते तू राहू दे. खाली जायला लागणार का, ते सांग."

"लोक मैदानात जाणार म्हणतायत."

"मग मला कोण नेणार?"

"काही गरजच नाही न्यायची. मी थांबतो तुझ्याजवळ."

आईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी पुढचं वाक्य गिळलं. "तू थांब हवं तर," ती म्हणाली. "मी जाणार. सूनबाई, माझे ठेवणीतले कपडे काढ गं."

पुढचे दहा दिवस त्या इमारतीत न भूतो असा चांगुलपणा माजला. ज्यांच्या भिंती एक होत्या आणि बोलणं बंद होतं, ती माणसं एकमेकांच्या दारात जाऊन रडू लागली. शिवणकामवाल्या बाईंनी दूर राहणाऱ्या धाकट्या बहिणीला नऊ वर्षांनी फोन केला आणि आईची शिलाई मशीन आपण हट्टाने ठेवून घेतली होती, ती तिचीच आहे, असं कबूल केलं. बहीण पहिल्या गाडीने आली. गणिताच्या मास्तरांनी जिन्यात उभं राहून तिसऱ्या मजल्यावरच्या वायरमनची माफी मागितली. वायरमन शाळेत असताना त्याचं एक गणित बरोबर असूनही त्यांनी रागापोटी शून्य दिलं होतं. "तू नापास नव्हतास रे," मास्तर म्हणाले. वायरमनला हुंदका आवरेना. "म्हणजे मी वायरमन झालो ते तुमच्यामुळे?" तो म्हणाला, आणि ते आभार होते की आरोप, हे दोघांनाही त्या क्षणी कळलं नाही. त्यांनी मिठी मारली.

चौदा तारखेला सेक्रेटरींनी सगळ्यांना जिन्यापाशी बोलावलं. "लिफ्ट मी मुद्दाम दुरुस्त केली नाही," ते म्हणाले. "मी तळमजल्यावर राहतो. मला लागत नव्हती. एवढंच कारण. चौथ्या मजल्यावरच्या आजी खिडकीत दिसायच्या, तर मी मान खाली घालून जायचो. उद्या जर वाचलो, तर पहिलं काम लिफ्टचं. वचन देतो."

"मोटर मी बघतो," वायरमन म्हणाला. "माझ्या हातची गोष्ट आहे. कधी कुणी विचारलंच नाही."

टाळ्या वाजल्या. वेलांटी पायरीवर बसून ऐकत होते. सगळं एका पूर्णविरामावर उभं आहे, हे तिथे जमलेल्यांत त्यांना एकट्याला माहीत होतं. पहिल्यांदाच त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

पंधरा तारखेला सकाळीच माणसं मैदानाकडे निघाली. आईला लाकडी खुर्चीत बसवलं, पदराने बांधलं, आणि सेक्रेटरी, मास्तर, वायरमन व वेलांटी अशा चौघांनी खुर्ची उचलली. "डावीकडे, डावीकडे! आजींचा पाय सांभाळा!" सेक्रेटरी ओरडत होते. प्रत्येक मजल्यावर आई "थांबा जरा" म्हणे आणि दारांवरच्या पाट्या वाचे. खाली आल्यावर तिने चपला काढायला लावल्या आणि तळवे मातीवर टेकवले. नुसती पायाची बोटं हलवत बसली.

मैदान भरलं होतं. एका टोकाला मंडपात गुरुजी, पुढे नगराध्यक्ष, बाजूला मालक अंकांचा गठ्ठा घेऊन. इमारतीची मंडळी आईभोवती बसली होती. आईला सगळ्यांनी काहीबाही खायला दिलं, तिच्या टाचांना कोणी तेल लावलं, मास्तरांनी तिला डोक्यावर धरायला छत्री दिली. ती सगळ्यांना नावं विचारत होती आणि चेहरे बघून दचकत होती. "अगंबाई, तुम्हाला मिशा आहेत होय? वरून दिसत नाहीत."

साडेतीनला वेलांटींची बायको त्यांच्या शेजारी सरकली. "एक सांगायचंय. पुन्हा संधी मिळेल न मिळेल."

"सांग."

"मी सामानाची यादी करते ना, ती तुम्ही लाल पेनाने दुरुस्त करून दुकानात नेता. साखर, जिरं, साबण, सगळ्यावर लाल खुणा. लग्नाला बावीस वर्षं होतील. प्रत्येक वेळी मला तुमचा इतका राग येतो, की वाटतं, हा माणूस दुकानातून परत आलाच नाही तर बरं."

वेलांटी तिच्याकडे बघत राहिले. "कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर माझं वाक्यही दुरुस्त केलं असतंत."

मग त्यांनीही एकदा शेवटचं सांगून पाहिलं, हलक्या आवाजात, की बाई गं, हे सगळं खोटं आहे, माझ्या हातून एक टिंब चुकलं. बायकोने त्यांचा हात धरला. "मला धीर द्यायला सांगताय ना? राहू दे. आज प्रथमच बरं बोललात, तेवढं पुरे."

चारला पाच मिनिटं कमी असताना मैदान शांत झालं. कर्ण्यातून गुरुजींचा श्वास ऐकू येत होता. हे भाकीत कुठून आलं, ते त्या हजारो माणसांत फक्त तिघांना ठाऊक होतं. मालक अंकांच्या गठ्ठ्याला टेकले होते, आणि गुरुजी मंडपात डोळे मिटून हात जोडून उभे होते. तिसऱ्याने, म्हणजे वेलांटींनी, चारला एक मिनिट कमी असताना आईची खुर्ची घट्ट धरली आणि आपलेही डोळे मिटले.

चार वाजले. आणि जमीन हादरली.

मैदानभर एकच किंकाळी उठली. माणसं पालथी पडली, नगराध्यक्ष मास्तरांच्या अंगावर पडले, मालक अंकांच्या गठ्ठ्याखाली डोकं घालून बसले. थरथर वाढत गेली, शिगेला पोचली, आणि मग मैदानाच्या कडेच्या रस्त्यावरून एक सिमेंट कालवणारा अजस्र ट्रक गरगरत पुढे गेला. खड्ड्यापाशी तो थांबला. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून पालथ्या पडलेल्या शहराकडे पाहिलं. "काय झालं हो?" त्याने विचारलं. तो निघून गेला.

चार वाजून दहा मिनिटं झाली, वीस झाली. कोणीतरी आधी उठून कपडे झटकले, मग दुसरं कोणी. तेवढ्यात कर्णा खरखरला. "हादरली!" गुरुजींचा आवाज घुमला. "धरणी हादरली, तुम्ही सर्वांनी अनुभवलंत! आणि थांबली! कोणाच्या प्रार्थनेने थांबली?" मैदान रडायला लागलं. ट्रक पाहिलेली माणसंही रडत होती. मालक घाम पुसत वेलांटींकडे आले. "टळलेल्या भूकंपाचा विशेषांक! उद्या लवकर या. आणि ते शुद्धिपत्र आता लागणार नाही, बरं का."

परतीची वाट मात्र वेगळी होती. येताना माणसं एकमेकांचे हात धरून आली होती. जाताना जो तो झपझप पुढे, नजर चुकवत, जणू सगळ्यांनीच एकमेकांना न्हाणीघरात पाहिलं होतं. वेलांटींनी मैदानापासून इमारतीपर्यंत आईची खुर्ची एका हातगाडीवर घालून आणली. जिन्यापाशी पोचले, तेव्हा सेक्रेटरी आपल्या घराचं कुलूप उघडत होते.

"जरा हात लावता का? आईला वर न्यायचंय."

"आत्ता? अहो, पाठ धरलीय माझी. सकाळचंच उचलणं बाधलंय."

"आणि ते लिफ्टचं..."

"हं, लिफ्ट." सेक्रेटरींनी किल्ली काढून खिशात टाकली. "पुढच्या सभेत घेऊ विषय. मी बोललो ते खरंय, पण ते भूकंपाच्या संदर्भात बोललो होतो." दार लागलं.

मास्तर घाईत होते. वेलांटींनी तिसऱ्या मजल्यावर जाऊन पाहिलं, तर वायरमनचं दार बंद होतं आणि आतून टीव्हीचा आवाज येत होता. त्यांनी दोनदा बेल वाजवली. टीव्हीचा आवाज मोठा झाला. शेवटी ते खाली येऊन आईपुढे पाठ करून उकिडवे बसले. बायकोने आईला त्यांच्या पाठीवर चढवलं, रिकामी खुर्ची स्वतः उचलली आणि ती मागून निघाली.

पहिल्या मजल्यावर शिवणकामवाल्या बाईंच्या दारातून आवाज येत होते. "मशीन माझी आहे असं तूच म्हणालीस ना?" "म्हणाले असेन. मरायला टेकलेलं माणूस काय वाटेल ते बोलतं. हात लावून तर बघ!" दुसऱ्या मजल्यावर मास्तर दारात उभं राहून वायरमनच्या वडिलांना सांगत होते, "त्याने नीट ऐकलं नाही हो. मी म्हणालो, गणित बरोबर होतं असं समज. समज म्हणालो." आई वेलांटींच्या कानाशी जोरजोरात श्वास घेत होती. मागून बायको म्हणाली, "अहो, मी मघाशी बोलले ते मनावर घेऊ नका."

"खोटं होतं का?"

"खरं होतं. म्हणूनच म्हणते, मनावर घेऊ नका."

तिसऱ्या मजल्यावर त्यांना आईला पायरीवर उतरवावं लागलं. छातीत कळ आली होती. बायको खुर्ची घेऊन पुढे गेली, दार उघडायला. दोघं मायलेक शेजारी शेजारी बसले. आईच्या तळव्यांना अजून माती होती आणि आई ती झटकत नव्हती.

"पुढचा कधी आहे रे?" तिने विचारलं.

"काय?"

"भूकंप."

वेलांटींनी तिच्याकडे पाहिलं. आता हिला तरी खरं सांगावं, असं त्यांना वाटलं. "आई, भूकंप कधीच नव्हता गं. वाक्य वेगळं होतं. मी शेवटी चुकीचा पूर्णविराम दिला. बाकी काही नाही. एवढ्याशा टिंबाने सगळं झालं."

आईने तळव्याच्या मातीवरून बोट फिरवलं. तिने विश्वास ठेवला, हे त्यांना कळलं. साऱ्या शहरात तिने एकटीने ठेवला.

"एका टिंबापायी चार जणांनी उचललं मला," ती म्हणाली. "तेल लावलं टाचांना."

"हो."

"तू इतकी वर्षं सगळं बरोबर करत होतास. तेव्हा कोणी आलं नाही बघ."

वरून बायकोने दार उघडल्याचा आवाज आला. वेलांटी उठले, आईकडे पाठ केली आणि गुडघे वाकवले. आईने त्यांच्या गळ्यात हात टाकले. ते उठायचा प्रयत्न करू लागले, पण पहिल्या खेपेला उठता आलं नाही.